पुणे टाळून कोल्हापूर

वाटाड्या : नाशिकहून कोल्हापूरला गाडीने निघायचे आणि पुण्यात शिरायचे नाही, हे मी पक्के ठरवून टाकले आहे. साधारण साडेचारशे किलोमीटरचा पल्ला. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर या गावांना आता बाहेरून रस्ते झालेत, त्यामुळे तिथवर गाडी झकास जाते. मग चाकण येते आणि सगळे मुसळ केरात. चाकणचा तळेगाव चौक, मोशी, भोसरी, नाशिक फाटा, तिथून वाकड, बाणेर, चांदणी चौक, वारजे, नवले पूल आणि कात्रजचा नवा बोगदा, एवढा टप्पा नशीब चांगले असेल तर दीड तासात उरकतो, नसेल तर तीन तासांतही उरकत नाही. म्हणून मी आळेफाट्यालाच डावीकडे वळतो. बेल्हे, पाबळ, शिक्रापूर, न्हावरे, चौफुला, मोरगाव, नीरा, लोणंद असे करत साताऱ्याला पुन्हा महामार्ग पकडतो. पुणे चुकते, खंबाटकीचा घाटही चुकतो, आणि अंतर म्हणाल तर फार वाढत नाही. लोक अजून पुण्यातूनच का जातात, हे मला कोडे आहे.

शंकेखोर : कोडे कसले त्यात? लोकांना रुंद रस्ता हवा असतो आणि तुम्ही त्यांना अरुंद रस्त्यावर घालताय. अंतर फार वाढत नाही हे खरे, पण नुसते अंतर मोजून प्रवास होत नाही. चौपदरी रस्त्यावर ट्रक क्षणात मागे पडतो. दुपदरीवर समोरची बाजू मोकळी दिसेपर्यंत त्याच ट्रकचा धूर खात मैलभर जावे लागते, आणि तो ओलांडला की पुढे दुसरा असतोच. शिवाय पुणे चुकते म्हणता, तेही अर्धेच खरे. शिक्रापूरला तुम्ही पुणे-नगर रस्ता ओलांडता. पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर लांब असूनही तिथली गर्दी पुण्याच्याच पसाऱ्याची आहे. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की कामगारांच्या बसगाड्या, मालाचे कंटेनर, नगरकडून येणारी वाहने, सगळे एका चौकात येऊन अडकतात. पुढे चौफुल्याला पुणे-सोलापूर रस्ता आडवा येतो. पुण्याच्या भोवती फिरायचे म्हणजे पुण्यातून निघणारा एकेक रस्ता ओलांडत जायचे. आगीतून फुफाट्यात पडायचे आणि वर त्याला नियोजन म्हणायचे, एवढाच काय तो फरक.

वाटाड्या : तुम्ही सरासरी वेळ मोजताय, मी भरवसा मोजतो. चांगल्या दिवशी पुण्यातून जाणारा माझ्या आधी कोल्हापूरला पोचेल, हे मी आधीच कबूल करतो. पण ज्याला लग्नाच्या अक्षतांना उभे राहायचे आहे किंवा आईला घेऊन डॉक्टरांची वेळ गाठायची आहे, त्याने चांगला दिवस धरून निघायचे की वाईट दिवस धरून? पुण्याच्या रस्त्याला चांगल्या-वाईटातले अंतर दोन तासांचे आहे. माझ्या रस्त्याला फार तर अर्ध्या-पाऊण तासाचे. दुसरी गोष्ट, कोंडीत सापडल्यावर काय करता येते ते पाहा. नवले पुलाच्या अलीकडे गाडी अडकली की मागे जाता येत नाही, वळता येत नाही, पुढचे दिवे बघत बसायचे. आतल्या रस्त्यांना दर थोड्या अंतरावर एक फाटा असतो आणि फाट्यावर रस्ता सांगणारा एक तरी माणूस असतो. आणि मी डोळे मिटून वळत नाही. आळेफाट्याला चहा घेताना पुण्याकडची हालहवाल बघतो. तिथे सोडले तर राजगुरुनगरहून पाबळला जाता येते, ती दुसरी संधी. तिसरी चाकणहून शिक्रापूरला जाणाऱ्या रस्त्याची, पण ती कंटेनरांनी कधीच गिळली आहे. तेव्हा निर्णय लवकर घ्यायचा. उशिरा घेतलेला निर्णय आपण घेतलेला नसतो, पुढच्या गाडीने आपल्यावर लादलेला असतो.

शंकेखोर : भरवसा कुठल्या महिन्यातला? दिवाळीनंतर त्या पट्ट्यातले कारखाने पेटले की काय होते ते तुम्ही पाहिले असेलच. दिवेलागणीची वेळ आहे. समोर ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला ऊस. मागे दिवा नाही. फार तर एखादी चकाकणारी पट्टी, तीही वाढ्यांखाली झाकलेली. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लागलेली की तुमचा हॉर्न चालकाच्या कानापर्यंत पोचत नाही. समोरून रिकामी ट्रॉली उड्या मारत येते. रस्त्याच्या कडेला सांडलेला ऊस चाकाखाली येऊन चिपाड होतो. अशा वेळी नीरा ते लोणंद हे चार पावलांचे अंतर किती वेळात जाईल याचा अंदाज बांधून दाखवा. ऊस संपला तर आषाढी येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते, म्हणजे नेमकी तुमच्या वाटेवरून. त्या दिवसांत वाहनांना तिथे जागाच नसते, आणि नसावीच. सोमवती अमावास्येला जेजुरीची गर्दी आसपासच्या रस्त्यांवर पसरते, चतुर्थीला मोरगावची. शिवाय प्रत्येक गावाचा आठवडे बाजार निराळा. पुण्याची कोंडी निदान वर्षभर सारखी असते.

वाटाड्या : तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ऊस कधी सुरू होतो ते ठाऊक आहे, पालखी कुठल्या तिथीला कुठे असेल ते वर्षभर आधी ठाऊक असते, बाजाराचा वार पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. मी नकाशाबरोबर पंचांग ठेवतो. गळिताच्या हंगामात तो रस्ता उजेडी करायचा, अंधार पडायच्या आत सातारा गाठायचा. पालखीच्या दिवसांत सरळ पुण्यातून जायचे, कारण तेव्हा पुण्याचा रस्ता माझ्या रस्त्यापेक्षा भरवशाचा. पावसाळ्यात आणखी पुढचेही बघायचे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पुणे टाळा नाहीतर पाळा, कोल्हापूरच्या दारात सगळे सारखेच थांबले. फोनवरचा नकाशा या क्षणाला किती मिनिटे लागतील ते सांगतो. तीन तासांनी मी तिथे पोचेन तेव्हा कारखान्याची पाळी सुटलेली असेल की नाही, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. ते मुलखाची माहिती असलेल्या माणसाला कळते. माझा दावा एवढाच आहे : शहराची कोंडी बेभरवशाची असते, मुलखाची अडचण माहितीतली असते, आणि माहितीतल्या अडचणीचे नियोजन करता येते.

शंकेखोर : तुमच्यासारखा माहीतगार असला की हे ठीक. पण उद्या हाच रस्ता फोन सगळ्यांना दाखवू लागला की काय होईल? वॉर्ड्रॉप नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९५२ मध्ये याचे उत्तर देऊन ठेवले आहे. प्रत्येक जण आपापल्या फायद्याचा रस्ता निवडू लागला की शेवटी वापरात असलेल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागतो. कारण जिथे थोडा वेळ वाचतो तिथे लोक वळतात आणि वाचणारा वेळ संपेपर्यंत वळतच राहतात. म्हणजे आडवाटेचा फायदा ती इतरांना ठाऊक नसेपर्यंतच. आत्ता तुम्हीच चाकण-शिक्रापूर रस्त्याला नावे ठेवलीत. तो रस्ता आणि त्याला जोडणारा तळेगाव-चाकण रस्ता म्हणजे मुंबईहून नगरकडे जाणाऱ्यांची पुणे टाळायची हुकमी वाट. द्रुतगती मार्ग सोडला की तळेगाव, चाकण, शिक्रापूर, झाले. आज तिथे कंटेनरांची रांग हलत नाही. एकेकाळी त्या वाटेची शिफारस करणारेही तुमच्यासारखेच हुशार होते. तुम्ही बेल्ह्याची वाट चारचौघांत सांगताय, म्हणजे तिच्या मुळावरच उठला आहात.

वाटाड्या : वॉर्ड्रॉप मलाही मान्य आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष पुरता मान्य नाही. सगळ्या रस्त्यांना सारखा वेळ लागू लागला म्हणजे आडवाट फुकट गेली असे होत नाही. तेवढी वाहने मुख्य रस्त्यावरून कमी झाली, हा फायदा उरतोच. दुसरे असे की रस्त्यावरचा प्रत्येक जण वळू शकत नाही. पुण्याच्या बाह्यवळण रस्त्यावर सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सातला उभे राहा. नऱ्ह्याहून हिंजवडीला कामाला जाणारा, बावधनहून मुलाला शाळेत सोडणारा, वारज्याहून बाणेरला निघालेला, यांना बेल्हे-पाबळचा काय उपयोग? त्या गर्दीत कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरला निघालेले थोडेच. मी वळतो तो त्या थोड्यांपैकी एक. माझ्या जाण्याने नऱ्ह्याच्या माणसाला एक गाडीभर जागा मिळते. मी पुण्यात काही विकत घेणार नाही, कोणाला भेटणार नाही, मला फक्त पलीकडे जायचे आहे. अशा माणसाने शहरात शिरून शहराचे काय भले करायचे?

शंकेखोर : आता मुद्द्यावर आलात. ज्याला तुम्ही पुण्याचा बाह्यवळण रस्ता म्हणता तो मुळात तुमच्यासाठीच काढला होता. देहूरोडपासून कात्रजपर्यंत, गावाबाहेरून, पलीकडे जाणाऱ्याला पुणे लागू नये म्हणून. तेव्हा दोन्ही बाजूंना शेते होती. मग काय झाले? रस्ता आला म्हणून प्लॉट पडले, प्लॉट पडले म्हणून सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि त्या सोसायट्यांना बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. आंबेगाव बुद्रुक आणि धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आले, त्या वेळी ११ गावे घेतली. सूस, बावधन बुद्रुक, नऱ्हे ही २०२१ मध्ये आली, त्या वेळी २३. बाहेरचा रस्ता आहे तिथेच राहिला आणि शहर त्याला ओलांडून पुढे गेले. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले. ते हवेच होते, पण कशासाठी? गावाबाहेरच्या रस्त्यावर गावातल्यासारखा गुंता झाला म्हणून. नवले पुलाचे तर विचारूच नका. बोगद्यातून सुटलेला उतार, भरलेला ट्रक, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली गाडी, आणि खाली घरी निघालेल्या माणसांची रीघ. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे एकामागून एक कितीतरी वाहने ठोकरली. तुम्हाला शहर टाळता यावे म्हणून काढलेल्या रस्त्यावर आज शहर राहते, आणि तुम्ही तोच टाळायला निघाला आहात. आणखी वीस वर्षांनी बेल्हे-पाबळही टाळाल.

वाटाड्या : याच पुण्याला दुसरा रस्ताही आहे, तो का विसरता? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ मध्ये पुरा झाला. त्याला आज दोन तपे होतील. त्याच्या आसपासही इमारती झाल्या, लोणावळ्याला तर पाहायलाच नको. तरी त्या रस्त्यावरून कोणी मुलाला शाळेत सोडत नाही, कोणी दूध आणायला निघत नाही. कारण चढायच्या-उतरायच्या जागा मोजक्या आहेत, दुचाकीला बंदी आहे, कडेला कुंपण आहे. सुट्टीच्या दिवशी घाटात कोंडी होते, पण ती प्रवाशांची प्रवाशांनी केलेली कोंडी असते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग तसाच, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला. वाटेतल्या शहरांना तो शेजारून जातो, पोटातून नाही. तेव्हा दोष शहर टाळण्याच्या कल्पनेत नाही. देहूरोड-कात्रज रस्त्याला जागोजागी तोंडे ठेवली, सेवा रस्ते वेळेवर आणि सलग केले नाहीत, आतल्या वस्तीला आतल्या आत फिरायला समांतर रस्ते दिले नाहीत, दोष त्यात आहे. आता पुण्याभोवती सुमारे १७० किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता होतोय. त्याला तोंडे कमी ठेवा आणि मग बघा.

शंकेखोर : तोंडे कमी ठेवा हे बोलायला सोपे आहे. ज्याच्या रानातून तो रस्ता जातो त्याच्या जागी उभे राहून बघा. चार एकरांतले दोन रस्त्यात गेले, एक अलीकडे उरला, एक पलीकडे. विहीर पलीकडच्या एकरात. मधे कुंपण. खालून जायला भुयारी मार्ग आहे, पण तो लांब, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. ट्रॅक्टरला वर चढायची बंदी, मोटारसायकलला बंदी. रस्ता घराच्या ओट्यावरून दिसतो आणि त्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मोबदला मिळाला, मान्य. पण मोबदला एका पिढीच्या हातात पडला आणि कुंपण पुढच्या सगळ्या पिढ्यांना ओलांडायचे आहे. मग एके रात्री कुंपण कापले जाते, तिथून पायवाट पडते, पायवाटेवर टपरी येते. तुम्ही त्याला अतिक्रमण म्हणता. तो म्हणतो, माझ्या रानातून गेलेल्या रस्त्यावर मला चढता येऊ नये, हे कुठले शहाणपण? आणि बंद रस्ता प्रवाशालाही जड जातो. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात मैलोन्‌मैल चहा मिळत नव्हता की स्वच्छतागृह सापडत नव्हते. शहर टाळले की शहराने दिलेले सगळेच टळते, फक्त कोंडी तेवढी टळत नाही.

वाटाड्या : ठीक. तर उघडा रस्ता पुढे गल्ली होऊन बसतो आणि बंद रस्ता शेजाऱ्याच्या मुळावर येतो. या दोहोंत मला निवड करायची नाही म्हणूनच मी तिसऱ्या प्रकारच्या रस्त्याने जातो. तो कोणासाठी नव्याने काढलेला नाही. त्यासाठी आज कोणाची जमीन जात नाही, कुठे कुंपण नाही, टोलनाके कमी. गावे आधीपासून तिथे आहेत, रस्ता गावांचाच आहे, मी त्यावरचा पाहुणा आहे. गावात शिरताना वेग कमी करतो, मोरगावला थांबून दर्शन घेतो, कुठे चहा-भजी खातो, लोणंदला कांद्याचे भाव विचारतो. चार पैसे त्या गावांत राहतात. महामार्गाला बाहेरून वळसा निघाला की गावातल्या जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचा धंदा बसतो, हे आपण नेहमी पाहतो. माझ्यासारखे चार जण तिकडून गेले तर तो थोडा तरी उभा राहील. यात कोणाचे नुकसान झाले ते दाखवा.

शंकेखोर : चार जण गेले तर कोणाचेच नाही. पण आपण वॉर्ड्रॉपवर सहमत झालो आहोत, तेव्हा चारांवर ते थांबणार नाही. त्या रस्त्यालगत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. शाळा सुटली की पोरे रस्त्याच्या कडेने दोन-दोन, तीन-तीन करत घरी जातात, कारण पदपथ नावाची वस्तू तिथे नाही. तुम्ही गावात वेग कमी करता, तुमच्या मागचा करत नाही. त्याला फोनने सांगितलेली पोचायची वेळ हुकवायची नसते. मग गावकरी एके दिवशी स्वतःच गतिरोधक घालतात. डांबराचा उंचवटा, त्याला ना पांढरा पट्टा, ना आधी फलक. रात्री त्यावर दुसऱ्याच गावचा मोटारसायकलवाला आपटतो. आपल्याकडेच असे घडते असेही नाही. न्यूयॉर्कजवळच्या लिओनिया या गावातून फोनने दाखवलेल्या वाटेने पुलाकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या वाढल्या की जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी आपल्या गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या. पुढे न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण गावाने राज्याच्या वाहतूक खात्याची मंजुरी घेतली नव्हती. म्हणजे गावही बरोबर आणि न्यायालयही बरोबर. आणखी एक. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ ला फोन करता येतो. तुमच्या राज्यमार्गावर ती सोय नाही, ११२ किंवा १०८ ला फोन लावून कुठल्या गावापुढे, कुठल्या ओढ्याजवळ आहोत ते समजावत बसायचे. गाडी सीएनजीवर असेल तर पंपाचा हिशेब वेगळा. आणि बरोबर बायका असतील तर स्वच्छतागृह कुठे आहे, हा प्रश्न तुमच्या नियोजनात पहिल्या ओळीत यायला हवा. इतका वेळ बोलताय, तो तुमच्या तोंडून एकदाही आला नाही.

वाटाड्या : नाही आला, आणि यायला हवा होता. आता तुम्ही सांगा. कोल्हापूरला तुम्हीही जाता. कसे जाता?

शंकेखोर : पुण्यातूनच. नाशिकहून रात्री अडीचला निघायचे. साडेपाच-सहाला वाकड, उजाडायच्या सुमाराला बोगदा पार, खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून पहिला चहा. चौपदरी रस्ता सोडावा लागत नाही, कोणाच्या गावातून जावे लागत नाही, कोणाच्या शाळेसमोरून नाही. जे शहर दिवसा अडवते ते झोपलेले असताना निघून जायचे.

वाटाड्या : म्हणजे पुणे तुम्हीही टाळताच. मी वळसा घालून टाळतो, तुम्ही घड्याळ बघून टाळता. मग तुमचा हिशेबही मांडू. दिवसा जड वाहनांना शहरांत ठरावीक वेळी नो एन्ट्री असते, म्हणून वेशीवर थांबलेले ट्रक वेळ उलटली की एकदम सुटतात. रात्रीचा रस्ता मोकळा नसतो, तो ट्रकांचा असतो. पहाटे तीन ते पाच ही डोळा लागायची वेळ, तुमचीही आणि समोरच्या ट्रकवाल्याचीही. मागच्या सीटवर घरची माणसे गाढ झोपलेली, त्यांचा सगळा भरवसा तुमच्या उघड्या डोळ्यांवर. माझ्या वाटेची जोखीम गावांवर पडते म्हणालात. तुमच्या वेळेची जोखीम तुमच्या माणसांवर पडते. आणि तुमच्यासारखेच सगळे पहाटे निघू लागले की वॉर्ड्रॉप तिथेही हजर होईल. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला निघालेल्यांची गर्दी मी सहा वाजता पाहिलेली आहे.

शंकेखोर : मान्य. पण माझी जोखीम मी माझ्या पदरात घेतो. गाडीत बसलेल्यांना विचारून निघतो, आणि कोणी नको म्हणाले तर नाही निघत. पाबळच्या शाळेतल्या पोराला कोणी विचारत नाही. दोन वाटांमधला खरा फरक मला इथे दिसतो. अर्थात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला मीही विचारलेले नसते, तेव्हा माझेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. सगळ्यांत सरळ उत्तर म्हणजे एसटीने जावे. चाळीस-पन्नास माणसांमागे एक वाहन, आणि रात्रभर जागायचे ते ज्याचे ते कामच आहे त्याने. आगगाडी म्हणाल तर नाशिक-पुणे थेट लोहमार्ग अजून नाही. कल्याणवरून नाहीतर मनमाड-दौंडवरून वळसा घालायचा. शहर टाळण्याची वाट आपण दोघे इतका वेळ शोधतोय, त्याचे एक कारण हेही आहे की घरची गाडी टाळण्याची वाट कोणी नीट करून दिली नाही.

वाटाड्या : वयस्कर आई, तीन बॅगा आणि उतरल्यावर पन्हाळ्याला जायचे असेल तर गाडीच लागते. ते तुम्हीही जाणता, म्हणून एसटीचे नाव काढूनही तुम्ही अडीचला गाडीच काढता. बरे, तडजोड म्हणून एवढे करतो. आळेफाट्याला थांबलो की दोन गोष्टी बघेन. पुण्याकडे किती खोळंबा आहे, हे फोन सांगेल. पाबळ-शिक्रापूर मी कुठल्या वेळी ओलांडणार, तेव्हा शाळा भरण्या-सुटण्याची वेळ असेल का, रस्त्यात ऊस असेल का, बाजार असेल का, हे माझे मला ठरवावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर वाईट आले तर पुण्यातून जाईन.

शंकेखोर : अक्षता गाठायला वेळ कमी उरला असेल तरी?

वाटाड्या : तेव्हा नाही. तेव्हा मी बेल्ह्यालाच वळेन आणि गावांतून जपून जाईन.

शंकेखोर : म्हणजे शेवटी ज्याची घाई मोठी त्याचा रस्ता. बाह्यवळण रस्ता काढला तेव्हा हाच न्याय लावला होता : बंगळूरला जाणाऱ्याची घाई मोठी, नऱ्ह्याच्या शेतकऱ्याची लहान. मग नऱ्ह्याला घरे झाली, तिथल्यांनाही घाई झाली, आणि संख्येने ते जास्त, म्हणून रस्ता त्यांचा झाला. उद्या वर्तुळाकार रस्त्यावरही हेच भांडण होईल, त्याला तोंडे पाच ठेवा की पन्नास. घाई कोणाची मोठी हे कोणी आणि कशाने मोजायचे, ते तुमच्या पंचांगात नाही आणि माझ्या घड्याळातही नाही. पण ते मोजणे आपण दोघांनी नुसत्या प्रवाशांवर सोडले तर प्रत्येक प्रवासी स्वतःचीच घाई मोठी म्हणणार.

वाटाड्या : आणि नुसते गावकऱ्यांवर सोडले तर प्रत्येक फाट्यावर गतिरोधक येईल आणि कोल्हापूर दोन दिवसांच्या अंतरावर जाईल. मोजायला दोघेही बसले पाहिजेत, हे मला पटले. पण रस्त्याची आखणी होते त्या खोलीत आजवर दोघांपैकी कोणालाच बोलावलेले मी ऐकलेले नाही.